कॉफीआधीचा तास

एतागेननं गोळी जिभेवर ठेवली, वरून कॉफीचा घोट घेतला आणि मान मागे टाकून गिळली. मग डोळे मिटून दुसरा घोट घेतला, तो मात्र चवीनं.

तिची मुलगी फिकिर्ते दारात उभी होती. एक बूट पायात, दुसरा हातात.

"आई!"

"काय झालं? घेतली ना गोळी. तुझ्या डोळ्यांदेखत घेतली."

"कॉफीबरोबर घेतलीस."

"मग काय थुंकीबरोबर घेऊ?"

शेजारची अस्नाकेच खो खो हसली. तिची सासू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, तिला कमी ऐकू यायचं, पण सून हसली म्हणून तीही हसली. निखाऱ्यांवर कॉफीची मातीची सुरई वाफ सोडत होती. अस्नाकेचनं भाजलेल्या जवाचं ताट पुढे सरकवलं.

"बस गं पोरी, दोन दाणे तोंडात टाक. इतक्या पहाटे रागावलं की दिवसभर तोंड कडू राहतं."

फिकिर्तेनं दुसरा बूट चढवला. नाडी इतकी ओढली की तुटली. गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा एक तास पोटात काही जाऊ द्यायचं नाही, कॉफी तर नाहीच नाही. हे वाक्य आठ महिन्यांत तिनं प्रेमानं म्हणून पाहिलं होतं, ओरडून म्हणून पाहिलं होतं, एकदा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवलंही होतं. त्या कागदावर आता अस्नाकेच कॉफीच्या बिया निवडायची.

फिकिर्ते गावच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत कामाला होती. रक्त, थुंकी, विष्ठा, जे येईल ते काचेवर घेऊन बघणं हे तिचं काम. आईच्या रक्ताची थायरॉइडची तपासणी मात्र तिथे व्हायची नाही. ती नळी बाहिर दार शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जायची आणि आठवड्यानं आकडा यायचा. निरोगी माणसाचा आकडा चारच्या आत असतो. एतागेनचा मागच्या महिन्यात अठ्ठेचाळीस आला होता. त्याआधी एकावन्न. आठ महिन्यांच्या गोळ्यांनी आकडा जेमतेम तीननं खाली आला होता.

तीन वर्षांपूर्वी एतागेनच्या गळ्याची गाठ कापून काढली, तिच्याबरोबर थायरॉइडचा बराचसा भागही गेला; गोळी त्याचीच उणीव भरायला होती. गाठ येऊ नये म्हणून लग्नाआधीच तिच्या गळ्याभोवती निळ्या रेघा गोंदल्या होत्या. गाठ यायची ती आलीच, आणि टाके घातल्यावर त्या रेघा पुन्हा नीट जुळल्या नाहीत. डाव्या बाजूची रेघ उजव्या बाजूच्या रेघेपेक्षा बोटभर खाली संपायची. फिकिर्तेला ते रोज दिसायचं आणि रोज टोचायचं.

पोटाचं दुखणं मागच्या पावसाळ्यापासूनचं. दुपारपासून पोट फुगायला लागायचं, संध्याकाळपर्यंत नगाऱ्यासारखं ताणून बसायचं आणि बेंबीखाली कोणीतरी ओलं कापड पिळावं तशी कळ यायची. पाच-पाच दिवस परसाकडे होत नसे. गावात पोट दुखलं म्हणजे जंत, आणि जंत म्हटले की कोस्सो. त्या झाडाची तांबडी फुलं वाटून केलेला कडूजहर काढा अस्नाकेचनं आतापर्यंत चार वेळा एतागेनच्या घशाखाली उतरवला होता. प्रत्येक वेळी ती दोन दिवस ओकत पडायची आणि तिसऱ्या दिवशी पोट पुन्हा होतं तसं.

"मी तीन वेळा तपासलंय," फिकिर्ते म्हणाली. "तीन वेगवेगळ्या दिवशी. जंताचं एक अंडंसुद्धा नाही."

"तो काय तुझ्या काचेवर येऊन बसणार आहे?" एतागेन म्हणाली. "हुशार असतो तो."

"माझ्या दिराला डॉक्टरनं काही नाही म्हणून परत पाठवलं होतं," अस्नाकेचनं दोन्ही हात पसरले. "मी कोस्सो दिला. हा एवढा निघाला. आणि वर तोंड करून माझ्याकडे बघत होता."

"पट्टकृमीला डोळे नसतात, मावशी."

"तू पाहिलास का तो?"

फिकिर्ते तुटकी नाडी बुटात कोंबून निघाली. डॉक्टर यिलिकालनी तिला काल बाजूला घेऊन सांगितलं होतं, थायरॉइड मंदावली की आतडीही मंदावतात. तुझ्या आईची आतडी जवळजवळ झोपली आहेत. पूर्ण थांबली तर पोट उघडावं लागेल, आणि हा आकडा असताना मी तिला भूल देणार नाही, भुलीतून ती उठेलच असं मी सांगू शकत नाही. दोन महिन्यांत आकडा खाली आण.

ते अगदी सहज म्हणाले होते, आण. जणू आकडा फिकिर्तेच्या अंगात होता.

*

दोन महिने म्हटलं, तर पुढ्यात ईस्टरआधीचा मोठा उपवास उभा. पंचावन्न दिवस. दूध नाही, लोणी नाही, मांस नाही, आणि दुपारी तीनची घंटा होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. आजारी माणसाला त्यातून सूट मिळते, पण ती घराच्या धर्मगुरूनं द्यावी लागते. म्हणून उपवासाच्या आदल्या दिवशी फिकिर्ते आईला घेऊन चर्चच्या अंगणात अब्बा किफलेंसमोर उभी राहिली. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं, एतागेनच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला सूट आहे. सकाळी खा, पाणी पी."

"मला नको," एतागेन म्हणाली.

"आई, ते स्वतः देताहेत!"

"देऊ देत. सात वर्षांची असल्यापासून धरतेय. तुला पोटात घेऊन धरलाय. आता या वयात मांजरासारखी सकाळी ताटलीवर बसू?"

"मग गोळी? ती कधी घेणार?"

"तीन वाजता. जेवणाबरोबर."

"जेवणाबरोबर नाही चालत! किती वेळा सांगू?"

"पहाटे घेतली तर उपवास मोडतो."

"आणि उपवास संपल्यावर? कॉफीबरोबर. आणि कॉफी नसेल तेव्हा? कोस्सोबरोबर!" फिकिर्तेचा आवाज चढला. मेणबत्त्या घ्यायला आलेल्या चार-पाच बायका थबकल्या. "तुला बरं व्हायचंच नाहीये. तुला फक्त दुखतंय म्हणून सांगायचंय. मर मग त्या दुखण्यानं. मी रडायलाही येणार नाही!"

या गावात माणूस भावाशी दहा वर्षं बोलत नाही, पण त्याच्या मयताला रडायला जातो. एतागेननं पांढऱ्या चादरीचा पदर तोंडावर ओढून घेतला आणि चर्चच्या भिंतीकडे पाहत राहिली.

अब्बांनी जणू काही ऐकलंच नाही अशा सुरात विचारलं, "पहाटे झऱ्याचं पाणी घेतेस ना?"

चर्चच्या खालच्या उतारावर पवित्र पाण्याचा झरा होता. उपवासातही ते चालायचं, फक्त अनशापोटीच घ्यायचं असतं आणि वर लगेच काही खायचं नसतं.

"ते घेते की," एतागेन पदराआडून म्हणाली. "ते कुठे अन्न आहे?"

"मग गोळी त्या पाण्याबरोबर घे. उपवास मोडत नाही, मी सांगतो."

एतागेननं पुढे होऊन त्यांच्या हातातल्या क्रूसाला ओठ लावले. झालं. आठ महिने जे झालं नव्हतं ते, पाणी उकळायलाही पुरला नसता एवढ्या वेळात, झालं. फिकिर्तेला हायसं वाटायला हवं होतं. तिला वाटला तो शुद्ध संताप.

*

पंचावन्न दिवस एतागेननं पहाटे गोळी घेतली, वर पेलाभर झऱ्याचं पाणी घेतलं, आणि तीनच्या घंटेपर्यंत तोंडाला काही लावलं नाही. घंटेनंतर डाळ, पालेभाजी, इंजेऱ्याची मऊ आंबट भाकरी, आणि मग कॉफी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तिनं अस्नाकेचला सांगितलं की या आठवड्यात ती तीनदा परसाकडे गेली. अस्नाकेचनं ही बातमी गल्लीभर केली. चाळिसाव्या दिवशी एतागेननं कमरेची पट्टी दोन वेढे जास्त घेतली. ईस्टरच्या आठवड्यात बाहिर दारहून कागद आला. सात.

फिकिर्तेनं तो तीनदा वाचला. मग नळीचा क्रमांक वहीशी ताडून पाहिला, कारण चूक असू शकते. चूक नव्हती. डॉक्टर यिलिकाल म्हणाले, "शाबास. आता पोट उघडायचा विषय नाही. फक्त हे असंच चालू ठेवायचं, आयुष्यभर."

घरी आल्यावर तिनं कागद आईपुढे धरला. एतागेन ईस्टरच्या कोंबडीसाठी कांदे चिरत होती. तिनं ओल्या मनगटानं डोळे पुसले, उठून गोळ्यांची डबी आणली आणि फिकिर्तेच्या हातात ठेवली.

"ही परत देऊन टाक. दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल."

"म्हणजे?"

"मी बरी झाले ना. त्या पाण्यानं."

"आई, पाण्यानं नाही. गोळीनं!"

"गोळी आठ महिने घेत होते. काय झालं? काही नाही. पाणी आठ आठवडे घेतलं, आणि हा बघ तुझाच कागद." तिनं सुरी फिकिर्तेकडे रोखली. "तू शिकलेली ना? गोळी तेव्हाही होती, आत्ताही होती. नवीन काय आलं ते सांग."

आईच्या हाती जी माहिती होती तिच्यावरून निष्कर्ष चुकीचा नव्हता. महाविद्यालयात एखाद्यानं असा युक्तिवाद केला असता तर बाईंनी त्याला कौतुकानं पुढे बोलावलं असतं.

"नवीन आलं नाही," फिकिर्ते म्हणाली. "जुनं गेलं. सकाळची कॉफी गेली."

"कॉफीनं कधी कुणाचं पोट दुखलंय?" एतागेन कांद्याकडे वळली. "उद्यापासून पुन्हा उजाडताच मांडणार आहे. अस्नाकेचला सांगून ठेवलंय."

*

अब्बा किफले घराच्या ओट्यावर बसून मेणाच्या बारीक वाती वळत होते. मांडीवर सुताचा धागा, बोटांना पिवळं मेण. फिकिर्ते एका दमात सगळं बोलली. शेवटी म्हणाली, "तुम्ही तिला सांगा. तुमचं ती ऐकते."

"काय सांगू? पाण्यानं काही केलं नाही, असं?"

"तसं नाही, अब्बा." तिनं शब्द शोधले. "पाण्यानं कॉफीला लांब ठेवलं. कॉफी लांब राहिली म्हणून गोळी अंगी लागली."

"म्हणजे काहीतरी केलंच की."

फिकिर्तेनं हात जोरात गुडघ्यावर आपटला. अब्बा हसले, वात सरळ करून बाजूला ठेवली आणि दुसरा धागा घेतला.

"पापकबुलीला शेवटची कधी आली होतीस?"

"मी आईबद्दल बोलायला आलेय."

"मीही आईबद्दलच बोलतोय. उपवासाच्या आदल्या दिवशी तू तिला चर्चच्या अंगणात काय म्हणालीस?"

"तुम्ही ऐकलंत ना."

"मी ऐकलं. चार बायकांनी ऐकलं. पण कबुली आपल्याच तोंडानं द्यायची असते."

ओट्याखाली कोंबडी माती उकरत होती. फिकिर्तेनं तिच्याकडे पाहत सांगितलं, "मर म्हणाले. रडायलाही येणार नाही म्हणाले." आवाज मध्येच चिरकला, याचाही तिला राग आला.

"हं." अब्बांची बोटं थांबली नाहीत. "मग हे तुझं प्रायश्चित्त. रोज पहाटे झऱ्यावर जाऊन आपल्या हातानं पाणी आणायचं. आईला ते द्यायचं, गोळीसकट, आपल्याच हातानं. मग तिच्याजवळ बसायचं. भिंतीवर ऊन येईपर्यंत तू काही खायचं-प्यायचं नाही आणि एक शब्द बोलायचा नाही. तिनंही तोवर काही खाल्लं-प्यायलं तर तुझं त्या दिवसाचं प्रायश्चित्त वाया गेलं."

फिकिर्ते मनात मोजायला लागली. झऱ्यावरून परतायचं उजाडताना. त्यांच्या घरात ऊन भिंतीवर चढायला... साधारण एक तास.

"आणि ढग असले तर?"

"घड्याळ आहे ना तुझ्याकडे? तासभर."

"किती दिवस?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

"तुम्ही विसरलात तर?"

"मग चालू राहील," अब्बा म्हणाले. "मी फार विसरतो."

*

पहिल्या दिवशी एतागेननं सगळं ऐकून घेतलं, तेही अस्नाकेचच्या तोंडून, कारण फिकिर्तेचं मौन सुरू झालं होतं. प्रायश्चित्ताची बातमी फिकिर्ते घरी पोचायच्या आधी गल्लीत पोचली होती.

"माझ्या पोरीला प्रायश्चित्त?" एतागेन ताठ बसली. "आणि मी प्याले तर ते वाया जाणार? मग पिणार कोण?"

तिनं मुलीच्या तळव्यावरची गोळी उचलली, पाण्याचा पेला रिकामा केला आणि मांडी घातली. अस्नाकेच निखारे घेऊन आली होती. एतागेननं तिला हातानं अडवलं.

"नंतर. पोरीचं व्हायचंय."

"आणि माझी बाजारात न्यायची इंजेऱ्याची टोपली?"

"टोपली काय पळून जातेय? तू बस."

अस्नाकेच पुटपुटत बसली. तिची सासूही बसली. कोणीच कॉफी घेत नाहीये हे तिला थोड्या वेळानं कळलं, आणि कोण गेलं म्हणून तिनं दोनदा विचारलं.

फिकिर्तेला वाटलं होतं, सगळ्यात अवघड पहाटे उठणं असेल. ते नव्हतं. अवघड होतं ऐकणं. आई मौनात नव्हती. पहिले चार दिवस एतागेननं जन्मभराचं उट्टं काढलं. फिकिर्तेची चालण्याची पद्धत, तिनं नाकारलेला तो शिक्षक, मीठ कमी पडलेली डाळ, सगळं एकेक करून निघालं. पाचव्या दिवशी झऱ्याच्या पाण्याचे गुण निघाले, कोणाकोणाचं काय बरं झालं ते नावानिशी. फिकिर्तेचे ओठ आतून दातांनी सोलले गेले. एकदा ती "पण" एवढं म्हणणारच होती, तर एतागेननं बोट वर केलं.

"अंहं. वाया जाईल."

सहाव्या दिवसापासून अस्नाकेच एक तास उशिरा यायला लागली. बाजारातली तिची जागा दुसरीनं घेतली म्हणे, पण तिच्या इंजेऱ्याला गिऱ्हाईक होतंच, ती टोपली ठेवायची तिथे ते यायचं.

नवव्या दिवशी दोघीच होत्या. एतागेननं गोळी घेतली, पाणी प्यायली. सुरई कोरडीच चुलीजवळ होती. आज तिनं काही उणंदुणं काढलं नाही. गळ्यावरच्या न जुळलेल्या रेघेवरून ती बोट फिरवत होती.

"तुझा बाप गेला त्या वर्षी," ती एकदम म्हणाली, "मी कॉफी मांडायचीच सोडली होती. आठवतं तुला? नाही आठवणार, लहान होतीस. एकटीनं कॉफी कोण पितं? वेडी माणसं. मग अस्नाकेच एके दिवशी निखारे घेऊन आली, म्हणाली, मी बाजाराला जाते, तेव्हा उजाडताच मांड, मी आणि सासू येतो."

फिकिर्ते चुलीकडे पाहत होती. तिनं मान वळवली.

"मी तास थांबले असते तर त्या पिऊन गेल्या असत्या. आणि गोळी कॉफीच्या नंतर घेते म्हटलं तर तू म्हणायचीस, पोट रिकामं हवं. मग? मी कुठे बसू? बाहेर?" एतागेन हसली. "तू आठ महिने ओरडलीस कॉफी घेऊ नको, कॉफी घेऊ नको. का घेतेस, हे कधी विचारलं नाहीस. तुमच्या रुग्णालयात विचारतात ना आधी?"

फिकिर्तेचं तोंड उघडलं. बोट वर झालंच.

"अस्नाकेच काही माझ्या गोळीसाठी थांबली नसती. मी तिला का दोष देऊ, मीही थांबले नसते. पण पोरीचं प्रायश्चित्त म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?" तिनं सुरई जवळ ओढली, आत डोकावून पाहिलं आणि त्या काळ्या पोकळीतच बोलल्यासारखी म्हणाली, "अब्बांनी किती वेळ सांगितला म्हणालीस? तास ना? त्या डॉक्टरनंही तासच सांगितला होता. मला आठवतंय."

मग तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून मुलीकडे पाहिलं, आणि लगेच बिया निवडायला घेतल्या.

ऊन दारातून आत आलं, जमिनीवरून सरकलं, पिठाच्या चाळणीखाली भिंतीला लागलं. बाहेर अस्नाकेचच्या चपलांचा आवाज आला, मागे तिच्या सासूच्या काठीचा. आता बोलता येत होतं. फिकिर्तेकडे नऊ दिवसांची वाक्यं तयार होती, क्रमवार.

ती उठली, फळीवरून चार कप काढले, पुसले आणि आईसमोर मांडले. आणि पुन्हा तिथेच, तिच्या शेजारी बसली.

"कामावर उशीर होईल," एतागेन म्हणाली.

फिकिर्तेनं निखाऱ्यांवर फुंकर घातली.